बाकावरचा अर्धा तास

माझ्या सुईने रडलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत. परवा बँकेत खिडकीपलीकडची मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मला टोचलंय." मागच्या रांगेने कान टवकारले. मी आपलं विचारलं, "लागलं होतं का गं?" तर म्हणे, "मला काय आठवतंय! आई सांगते, मी तुमचा चष्मा ओढून तोडला होता." चष्म्याचं मलाही आठवत नव्हतं. आजवर इतके तुटलेत.

लसीकरण केंद्रात मला तेवीस वर्षं झाली. केंद्र म्हणजे दोन खोल्या, मागे आमची चहापुरती खोली आणि एक लांब व्हरांडा. पहिल्या खोलीत नोंदवाली बसते. ती कार्ड बघते, वजन करते आणि "इतकं कमी कसं हो?" असं विचारून आईला रडवते. दुसऱ्या खोलीत बर्फाचा डबा, टेबल आणि मी. तिथे बाळ रडतं. व्हरांड्यात भिंतीला लागून लाकडी बाक आहे. लस टोचली की बाळाला घेऊन अर्धा तास त्या बाकावर बसायचं आणि मगच घरी जायचं, असा नियम आहे. लाखात एखाद्या बाळाला लस दिल्या दिल्या त्रास होतो. व्हायचाच असेल तर तो आमच्या डोळ्यांदेखत व्हावा, एवढाच त्या बाकाचा अर्थ.

लोकांना मात्र ती शिक्षा वाटते. "सिस्टर, गॅसवर दूध ठेवून आलेय," असं सांगणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्यात की खरं असतं तर निम्मं गाव जळून गेलं असतं. पण त्यांना बसवून ठेवायचं तर काहीतरी द्यायला हवं. म्हणून मी त्या अर्ध्या तासात बोलायला लागले. पाच-सहा बाळं झाली की हात धुऊन बाहेर यायचं, बाकासमोर उभं राहायचं आणि कुणाला कुठली लस दिली ते बघून पुढे काय काय होऊ शकतं ते सांगायचं. त्रिगुणीची, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची, असेल तर आज-उद्या ताप येईल, मांडी सुजेल, गाठ येईल, पोर किरकिर करेल. गाठ चोळायची नाही, वर कसलाही लेप लावायचा नाही. गोवराची असेल तर आज काहीच होणार नाही. तिचा ताप येतो एका आठवड्याने, सातव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत कधीही. अंगावर बारीक पुरळही येईल. ताप आला तर मोजायचा, वजनाप्रमाणे औषध द्यायचं, पातळ कपडे घालायचे. आणि ताप चढताना क्वचित एखाद्या बाळाला झटका येतो. तेव्हा कुशीवर निजवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि दवाखाना गाठायचा.

हे शेवटचं आलं की बाकावरच्या आया बाळं घट्ट धरतात. एकदा एका वडिलांनी मला फैलावरच घेतलं, "कशाला घाबरवता हो बायकांना?"

"आत्ता घाबरू द्या की," मी म्हटलं. "इथे मी आहे. घरी एकटीने घाबरण्यापेक्षा बरं."

नुसतं सांगून मी थांबत नाही. प्रत्येकीकडून वदवून घेते. आजीला पाठवलं असेल तर आजीकडून, आणि मामा आला असेल तर मामाकडून. मामा लोक हमखास चुकतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख, मला 'शाळामास्तरीण' म्हणतात. पण आमच्या केंद्रातून बाळाला टोचून नेलेली आई रात्री-अपरात्री घाबरून फोन करत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान होता. आहे म्हणायला आता जीभ रेटत नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती नऊची होती आणि मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या शाळेत पालक म्हणून मी गेले, तिच्या लग्नात तिच्याहून जास्त मी रडले. लग्नानंतर आठ वर्षं वाट बघून तिला मुलगी झाली. पोरीचे डोळे जन्मापासून असे वाटोळे आणि टक्क उघडे, की दवाखान्यातच मी तिला घुबड म्हटलं. बापाला ते आवडलं नाही, म्हणून घुबी झालं. कागदावर तिचं नाव फार सुंदर आहे, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

घुबीच्या सगळ्या लसी मीच टोचल्या. पहिल्या तीनही वेळा मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकून धाकटीबरोबर तिच्या घरी जाऊन राहिले. ताप मी मोजला, औषध मी दिलं, मांडीवरच्या गाठीवर थंड पाण्याची घडी मी ठेवली. धाकटी नुसती शेजारी बसून "ताई, हिला दुखतंय का गं?" एवढंच विचारायची. म्हणजे तिला काही सांगायची वेळच मी आणली नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीला ती आली त्या दिवशी व्हरांडा तुडुंब भरला होता. मी खिडकीतून तिला पाहिलं आणि खुणेने आत बोलावलं. रांगेतली एक बाई बोललीच, "आम्हीपण नंबरानेच आलोय सिस्टर."

"घरचं माणूस आहे हो," मी हसून म्हटलं. ती बाई हसली नाही.

घुबीच्या दंडात सुई गेली तसं तिने आधी माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं. मग ओठ काढला आणि मग केंद्र डोक्यावर घेतलं. मी तिला पोटाशी धरलं आणि धाकटीला म्हटलं, "बाकावर कुठे बसतेस त्या गर्दीत? आमच्या खोलीत चल."

आमची खोली म्हणजे मागे दोन खुर्च्या, एक कपाट आणि चहाची किटली. टेबल दहा मिनिटं नोंदवालीच्या मदतनिसेकडे सोपवून मी चक्क येऊन बसले, असं मी कधी करत नाही. घुबी हुंदके देत देत बिस्किट चोखत होती.

"तुला आठवतं ताई," धाकटी म्हणाली, "शिकत होतीस तेव्हा तू माझ्या उशीला इंजेक्शनं द्यायचीस."

"मग काय तुला देऊ?"

"पाणी भरून द्यायचीस! आणि मी त्याच उशीवर झोपायचे. बाबांना वाटायचं मी आईच्या आठवणीने रडते."

"म्हणून तर ते तुला खाऊ आणायचे. निम्मा माझा होता तो."

आम्ही दोघी इतक्या हसलो की नोंदवाली डोकावून गेली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. निघताना धाकटीने दारात थांबून विचारलं, "ताई, आज काही करायचं आहे का? ताप वगैरे?"

"आज काही होणार नाही हिला," मी म्हटलं. वाक्य खरं होतं. बाकावर मी रोज तेच म्हणते. पण बाकावर मी तिथे थांबत नाही.

धाकटीने दोन दिवस डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. ताप आला नाही. तिने मला निरोप पाठवला, 'घुबी पास'. मी हसणारं तोंड पाठवलं.

नवव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी टेबलावर होते, डाव्या हातात एका बाळाचा पाय आणि उजव्या हातात सुई. मदतनिसेने फोन माझ्या कानाला लावला.

"ताई, घुबीचं अंग गरम आहे."

"किती आहे?"

"मोजला नाही. थर्मामीटर सापडत नाहीये. समोरच्या काकू म्हणतात दात येतायत."

"दातांचाच असेल. पाणी पाज. मी संध्याकाळी येते."

आणि मी सुई टोचली.

त्याच सकाळी, त्यानंतर वीस मिनिटांनी, मी बाकासमोर उभी राहून एका आजीकडून वदवून घेत होते, "सातव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत." आजी बोटं मोजत होत्या. मी मोजली नाहीत. तेवीस वर्षांत हजारो आयांचे दिवस मी मोजून दिले. माझ्याच बहिणीचे नऊ दिवस मोजायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारी घुबीला झटका आला.

मी तिथे नव्हते, म्हणून जे ऐकलं तेच सांगते. घुबी धाकटीच्या कडेवर होती. एकदम ताठ झाली, डोळे वर गेले आणि हातपाय हिसके द्यायला लागले. धाकटीला वाटलं, गेली. तिने तिला जमिनीवर ठेवलं आणि दार उघडून ओरडली. समोरच्या काकू धावत आल्या. त्यांनी कुणाकडून तरी कधीतरी ऐकलं होतं की दातखीळ बसली तर जीभ चावली जाते, म्हणून त्यांनी चमचा घेतला आणि घुबीच्या तोंडात खुपसला. हिरडी फाटली. रक्त आलं. धाकटीने ते रक्त पाहिलं आणि तिला वाटलं, पोर आतून फुटली. डॉक्टरांच्या अंदाजाने हे सगळं दोनेक मिनिटं चाललं. धाकटी अजून म्हणते, अर्धा तास.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा घुबी झोपली होती. खालचा ओठ सुजलेला, पोटावर बारीक लाल पुरळ. ते पुरळ पाहिलं आणि मी बोटांवर दिवस मोजले, नऊ. कुणी काही सांगायच्या आतच मला सगळं कळलं. रस्त्यात केंद्राचा पांढरा कोट काढून मी पिशवीत कोंबला होता, घामाने अंगाला चिकटत होता म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगते.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण माणूस चांगला. त्यांनी धाकटीला समजावलं. हा तापातला झटका आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना येतो. बघायला भयंकर असतो, पण मेंदूला काही होत नाही. मग विचारलं, "एवढ्यात कुठली लस दिली होती?"

"गोवराची," धाकटी म्हणाली. "नऊ दिवस झाले."

"मग बरोबर. या लसीचा ताप आठ-दहा दिवसांनीच येतो. केंद्रावर सांगितलं नव्हतं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते.

"नाही," ती म्हणाली.

"सांगतात हो," डॉक्टर हसत म्हणाले. त्यांना तिचा ताण हलका करायचा होता. "तिथल्या बायका तर पाठ करून घेतात. तुम्हीच विसरला असाल. पहिलं मूल असलं की आयांच्या लक्षात कुठे काय राहतं!"

तिथे बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'डॉक्टर, ती बाई मीच, आणि मी सांगितलं नाही.' समोरच्या भिंतीवर मुलांच्या वजन-उंचीचा तक्ता होता. मी तो वाचायला लागले. मुली, नऊ महिने. मुली, दहा महिने. बारा महिन्यांपर्यंत वाचला. तोवर डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले होते.

 धाकटीने घुबीचं पांघरूण सारखं केलं, एवढंच.

लसीनंतर असा त्रास झाला की आम्हाला एक फॉर्म भरून वर पाठवावा लागतो. बाळाचं वय, कुठली लस, किती दिवसांनी काय झालं. शेवटून तिसरा प्रश्न, 'पालकांना सूचना दिल्या होत्या का?' पुढे दोन चौकोन. मी 'होय' वर खूण केली. मोठ्या बाईंनी न वाचता सही केली. का वाचतील? तेवीस वर्षांत माझ्या फॉर्मवर तिथे दुसरं काही असायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर धाकटीने माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. फोन केला की उचलायची. "बरी आहे." "जेवली." "झोपलीये." मी येते म्हटलं की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असायचं. मी घुबीसाठी काही पाठवलं की 'मिळालं' एवढं यायचं. आठ महिने असे गेले. मधे एकदा बाजारात तिचा नवरा भेटला. साधा माणूस, बायको आणि मेहुणी यांच्या मधे पडायचं नाही हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकलेला. तो खाली बघत म्हणाला, "ताई, दीड वर्षाच्या लसीला ती नाही म्हणते. यापुढे एकही नको म्हणते. तुम्ही काही बोलू नका हं. मी बोललो म्हणून कळेल."

माझ्या केंद्रात राहिलेल्या बाळांची यादी दर महिन्याला निघते. ज्यांची लस चुकली त्या आयांना फोन करायचा, हे माझं काम. फोनवर मी गोड बोलते, रागावते, कधी त्यांच्या सासूला फितवते. त्या महिन्यात यादीत घुबीचं ते सुंदर नाव आलं. मी सगळ्यांना फोन केले आणि ती ओळ सोडून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीत गोवराची दोन मुलं सापडली. घुबीला एक मात्रा मिळालेली होती, दुसरी राहिली होती. धाकटीला काय वाटेल हा विचार बाजूला ठेवायला मला एवढं कारण लागलं, हीदेखील लाजच.

रविवारी सकाळी न कळवता गेले. दार धाकटीने उघडलं. घुबी तिच्या पायांमागे होती, चांगली चालायला लागलेली. मला बघून तिने डोळे वाटोळे केले आणि आईच्या गाऊनमध्ये तोंड खुपसलं. मावशीला ती ओळखत नव्हती. कशी ओळखणार? तिचं अर्धं आयुष्य मी तिला पाहिलं नव्हतं.

"चहा टाकते," धाकटी म्हणाली.

"नको. बस. लसीचं बोलायला आलेय."

"यांनी सांगितलं ना? जरा पोटात काही राहत असेल तर!" आतल्या खोलीत काहीतरी पडलं. नवरा घरातच होता.

मी सुरुवात केली. आणि सुरुवातच चुकली. मी बाकावरच्यासारखी बोलायला लागले. एकदा झटका आला म्हणून लस थांबवायची नसते. दुसऱ्या मात्रेला ताप कमी मुलांना येतो. त्या दिवशी तुला आधी सांगितलं असतं तरी झटका आला नसता असं नाही, ताप चढताना ज्यांना यायचा त्यांना येतोच.

धाकटी ऐकत होती. मग म्हणाली, "झालं?"

"खरं तेच सांगतेय."

"मला माहितेय गं खरं आहे ते. मी काय अडाणी आहे? सगळं वाचून काढलंय मी. झटका तुझ्यामुळे आला असं मी एकदा तरी म्हटलं का? काकूंनी चमचा घातला तेव्हा मीच हिचं डोकं धरलं होतं, ताई. या हातांनी. कुशीवर निजवायचं असतं एवढं माहीत असतं तर मी काकूंना ढकलून दिलं असतं."

"चुकलं माझं. मी तुला बाकावर बसवायला हवं होतं."

"बाकाचं सोड. माणूस विसरतो. सकाळी फोनवर 'दातांचा' म्हणालीस तेही सोडलं मी. तुझ्या हातात कुणाचं तरी पोर होतं."  घुबीने तिचं बोट धरलं होतं, ते तिने सोडवून घेतलं नाही. "डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही विसरला असाल. आणि तू तक्ता वाचत होतीस."

मला वाटलं होतं ते तिला दिसलं नसेल. मी तिच्या मागे उभी होते ना. पण खाटेपलीकडे खिडकी होती, आणि काचेत माणूस दिसतं.

"दोन महिन्यांनी वरच्या ऑफिसातून फोन आला," ती पुढे म्हणाली. "तपासणीवाल्या बाई होत्या. सूचना दिल्या होत्या का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. तर म्हणतात, इथे 'होय' लिहिलंय, नीट आठवून बघा. आठवून बघा! आठ वर्षांनी झालेलं पोर माझं, त्या दिवशीचं प्रत्येक मिनिट मला आठवतं. हिने बिस्किट कुठल्या हातात धरलं होतं तेसुद्धा आठवतं. मी म्हटलं, असेल बाई, मीच विसरले असेन. आणि फोन ठेवला."

"का म्हणालीस असं?"

"मग काय म्हणू? माझी बहीण खोटं लिहिते, म्हणू?"

आत नवऱ्याने नळ सोडला. त्याला ऐकू येत नाही हे आम्हाला कळावं म्हणून. बिचारा.

"तुझी नोकरी जाईल असं वाटलं मला," धाकटी म्हणाली. "तू मला वाढवलंस म्हणून गप्प बसले. पण आता त्या खोलीत हिला घेऊन यायला माझे पाय उठत नाहीत. तिथे पुढच्या वेळी काही झालं, तर परत मीच विसरलेली असणार ना?"

 तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण मधे घुबी होती, आणि मी हात पुढे केला असता तर ती किंचाळली असती. मी उठले.

"माझ्याकडे आणू नकोस," दारात मी म्हटलं. "तलावापलीकडे दुसरं केंद्र आहे. तिथली सिस्टर चांगली आहे. मी तिला काही बोलणार नाही. पण हिला घेऊन जा."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले.

"तो फॉर्म परत मागवायचा आहे."

"कुठला?"

"माझ्या भाचीचा. झटक्याचा. त्यात एक खूण चुकीची आहे."

"अगं, आठ महिने झाले त्याला! बंद झालं ते प्रकरण. कुठली खूण?"

मी सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू? शाळामास्तरीण?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला कळणारे गं? पोर ठणठणीत आहे. कशाला दगड पायावर पाडून घेतेस?"

"जिला कळायचं तिला कळलंय."

"मग लिहून दे." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आणि त्यात 'गर्दी होती' असं घाल निदान. होतीच गर्दी."

गर्दी होती. पण बाकावरच्या सगळ्यांना मी त्या दिवशीही सांगितलं होतं. नोंदवालीकडे सूचना ऐकल्याच्या सह्या होत्या, सतरा जणींच्या. त्या नंबर लावून आलेल्या बाईचीसुद्धा. एक सोडून सगळ्या घरी शहाण्या होऊन गेल्या. मी 'गर्दी' लिहिलं नाही.

नोकरी गेली नाही. माझ्या फाईलला एक कागद लागला आणि तीन महिने वरच्या ऑफिसातली एक मुलगी येऊन व्हरांड्यात बसायची, मी काय बोलते ते ऐकायला. माझ्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी मी इतकी अडखळले की बाकावरच्या एका आजीने मला पुढचं वाक्य सांगितलं.

तपासणीवाल्या बाईंनी धाकटीला पुन्हा फोन केला म्हणे. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. महिन्याभराने तिच्या नवऱ्याचा निरोप आला, 'उद्या नेतोय. तलावापलीकडे. ती म्हणाली, ताईला कळवून ठेवा, पण येऊ नको म्हणावं.'

मी गेले नाही. त्या दिवशी माझ्या टेबलावर एकवीस बाळं झाली. अकराच्या सुमाराला, म्हणजे तिथे साधारण तिचा नंबर लागला असेल तेव्हा, मी एका बाळाची मांडी पुसत होते ती पुसतच राहिले. त्याची आई म्हणाली, "सिस्टर, स्वच्छ झाली असेल आता."

मग मी दिवस मोजले. पहिला, दुसरा. दीड वर्षाला गोवराबरोबर त्रिगुणीचीही टोचतात, तिचा ताप याच दिवसांत. फोन आला नाही. सातवा, आठवा. नवव्या दिवशी मी फोन टेबलावर समोर ठेवला, नियमाविरुद्ध. दहावा. अकरावा. बाराव्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि चपला न काढता खुर्चीत बसून राहिले. काही झालं नाही, हे सांगायला कुणी फोन करत नाही. तेवीस वर्षं मला तेच हवं होतं. कुठल्याही आईला मला फोन करावा लागू नये, इतकं तिला घरी पाठवताना माहीत असावं.

चौदाव्या दिवशी राहवलं नाही. मीच लावला.

"बरी आहे," धाकटी म्हणाली.

"ताप?"

"आला होता दुसऱ्या दिवशी. एकशे दोन. मांडी सुजली होती. उतरला." मग म्हणाली, "तिथल्या सिस्टरनी सगळं सांगितलं होतं. लिहूनपण दिलं. कुशीवर कसं निजवायचं ते बाहुली घेऊन दाखवलं."

बाहुलीचं मला कधी सुचलं नव्हतं. "चांगलं केलं तिने," मी म्हटलं.

"हो. चांगली आहे बाई."

"घाबरलीस का?"

"नाही. रात्रभर जागी होते, पण घाबरले नाही."

मागे घुबीचा आवाज येत होता, कशावर तरी काहीतरी आपटत होती. धाकटीने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. विचारण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, आणि त्यातलं काहीच लसीचं नव्हतं.

"हिला जेवायला घालायचंय," शेवटी ती म्हणाली. "ठेवते हं, ताई."